धुऱ्यावरची राजधानी

"पेटीला हात लावलास तर हात जागेवर राहणार न्हाई, सांगून ठेवतो," सोपानदादा ओरडत होता. देवाच्या पेटीची एक कडी त्याच्या मुठीत, दुसरी मधल्या मारोतीदादाच्या, आणि मी धाकटा खांद्याला बॅग अडकवून दोघांच्या मधे. रस्त्यावर हिंगोलीची काळीपिवळी जीप हॉर्न वाजवून राहिली होती. तिचा ड्रायव्हर असा, की तिसऱ्या हॉर्नला सख्ख्या बापालाही सोडून निघेल.

वाटण्या सकाळीच झाल्या होत्या. शेत मधोमध, मेंढरं निम्मी-निम्मी, विहिरीच्या पाळ्या. सगळं शहाण्या माणसांसारखं उरकलं. माझा वाटा मी दिल्लीला गेलो तेव्हाच सोडला होता. राहिली ती पेटी. आमच्या धनगराच्या घरात देवांचे चांदीचे टाक पेटीत असतात. त्यांच्याच रांगेत मेलेले वाडवडील, आणि सगळ्यात नवा टाक आमच्या बापाचा. पेटी ज्याच्या घरी, वर्षाचं कार्य त्याच्या दारी. बाकीच्यांनी पाहुण्यासारखं यायचं आणि वाढतील तेव्हा जेवायचं. रीतीनं ती थोरल्याची. पण बापाचं शेवटचं दुखणं काढलं होतं मारोतीदादानं.

"बाप मी उचलला, अन् टाक ह्यानं न्यायचा?" तो म्हणाला. ओरडला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

एक मला लख्ख दिसत होतं. पेटी एकाच्या घरात गेली की दुसरा त्या घराची पायरी चढणार नव्हता. मग पुढच्या खेपेला मी कोणाच्या दारात बॅग ठेवायची?

गावात माझ्या शब्दाला वजन होतं. ते मीच घातलेलं होतं. माझा हात वर झाल्याशिवाय दिल्लीत मंत्र्याची गाडी हलत नाही, असं मी सांगायचो. खोटं नव्हतं. एका सरकारी इमारतीच्या फाटकावरचा दांडा वर-खाली करायची माझी ड्यूटी आहे. फक्त दांड्याचा उल्लेख राहून जायचा.

"दादा, दिल्ली कोणत्या राज्यात येते?" मी विचारलं.

दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"कोणत्याच न्हाई," मी म्हणालो, आणि सुटलोच. सगळी राज्यं बाह्या सरसावून एका ओट्यावर बसली होती आणि मी जणू त्यांना चहा वाटत होतो, अशा थाटात सांगितलं. मसाला माझा, पण आतली गोष्ट खरी. राजधानी एका राज्याच्या अंगणात बसवली, की पोलीस त्याचे, जमीन त्याची, दाराची किल्ली त्याची. बाकीची राज्यं आपल्याच राजधानीत पाहुणी. म्हणून वेगळा तुकडा काढला आणि केंद्राच्या हाती दिला.

"मान समद्यांचा, मालकी एकाचीबी न्हाई," मी म्हणालो. "पेटी धुऱ्यावर ठेवा."

धुरा म्हणजे दोन्ही वाट्यांच्या मधला रुंद बांध. बाप तिथं मेंढरं बसवायचा.

"अन् दिवा कोण लावल?" माय उंबऱ्यावर बसली होती. तिनं एवढंच विचारलं.

"लावतील दोघं," मी म्हणालो. तिसरा हॉर्न वाजला.

मारोतीदादानं कडी सोडली. मग सोपानदादानं. पेटी जमिनीवर आदळली, आतले टाक खणखणले, आणि त्या आवाजासरशी दोघंही मागं सरकले. मी धावलो. अकोल्यापर्यंत माझी छाती इतकी फुगली होती की शेजारच्या प्रवाशाला अर्ध्या बाकावर बसावं लागलं.

गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे, फोनवर गाव आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं. धुऱ्यावर पत्र्याची खोली उभी राहिली, एवढं मी ऐकलं. दिवा कोणीच लावत नाही, हे महिन्यानं कळलं. सोपानदादा गेला तर मारोती म्हणणार, ताबा घेऊन राहिला. मारोतीदादा गेला तर सोपान तेच म्हणणार. शेवटी माय गोधडी उचलून तिथं राहायला गेली.

"तुझी दिल्ली माय चालवून राहिली," सोपानदादा फोनवर म्हणाला.

मी दोघांना जे सांगितलं नव्हतं, ते मी रोज बघत होतो. दिल्लीला मुख्यमंत्री आहे, विधानसभा आहे, पण पोलीस आणि जमीन केंद्राकडं. आमच्या गल्लीत गटार तुंबलं की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो, "ये हमारा नहीं, उनका है." गावात कोणी विचारलं, कोणाचा रे तू, तर बापाचं नाव पुरायचं. इथं बारा वर्षांनीही घरमालक विचारतो, "बाहर के हो ना?" तो स्वतः बाहेरचा. सगळ्यांच्या जागेत राहणारा माणूस कोणाचाच नसतो. आणि तशाच जागेत मी मायला बसवलं होतं.

तिचा फोन एक दिवस सोपानदादाकडं चार्जिंगला जायचा, एक दिवस मारोतीदादाकडं. भाकरही तशीच पाळीनं यायची. मे महिन्यात तीन दिवस फोन बंद लागला.

"मारोतीकडं असल, पाळी त्याची हाय," सोपानदादा म्हणाला.

"दादाकडं असल, पाळी त्याची हाय," मारोतीदादा म्हणाला.

रजा न मागता निघालो. हिंगोलीहून कळमनुरीच्या बसमध्ये दोघा भावांना मी मनात सतरा वेळा झोडपलं, अठराव्यांदा स्वतःला. फाट्यावर उतरलो तो पळतच. उन्हात तो पत्रा लांबून असा चमकत होता की बघवत नव्हतं. दार उघडं होतं. आवाज नव्हता.

माय बाजेवर पडलेली, तापानं फणफणलेली. उशाशी सोपानदादा ओला फडका घेऊन, पायथ्याशी मारोतीदादा तळवे चोळत. माझ्या फोननंतर दोघं आपापल्या बाजूनं धावले होते आणि दारातच एकमेकांवर आदळले होते. डॉक्टर येऊन सुई देऊन गेला होता.

"पाणी पाहिजे का, कोणी इचारलं का तिला?" सोपानदादा पत्र्याकडं बघत म्हणाला.

"आत्ताच पेली," मारोतीदादानं पेटीला सांगितलं.

पेटीपुढं दिवा होता. कोणी लावला, हे मी विचारलं नाही. खांद्यावरची बॅग तिथंच ठेवली. आता कोणी मला घर विचारलं तर मी ती खोली सांगतो. पत्र्याची म्हणत नाही, लाल किल्ल्याएवढी म्हणतो.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दोघं मेंढरांमागं गेले तेव्हा मी मायजवळ बसलो.

"माय, माझंच चुकलं. या पत्र्यात भाजून निघशील. सोपानदादाकडं चल, न्हाईतर मारोतीदादाकडं, न्हाईतर माझ्यासंगं दिल्लीला. हितं काहून राहून राहिलीस?"

ती वात वळत होती.

"हितं दोघंबी येतात," ती म्हणाली.