कोपऱ्यातलं नाव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबायला नको. लोकांची पाकिटं मारतात, छत्र्या जातात, देवळाबाहेरून वहाणा तर रोजच जातात. पण चोराचं नाव स्वतःच्या कामाखाली, स्वतःच्या हातानं कुणी रंगवून दिलंय? तेही ऑइल पेंटनं, उन्हापावसात टिकेल असं? मी दिलंय!

शाळा लवकर सुटली आणि मी लालबागला एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. आमच्या धंद्यात रीत अशी, की पाटी शागिर्दानं रंगवायची आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव घालायचं ते उस्तादाचं. नवं गिऱ्हाईक ते नाव वाचतं आणि शोधत येतं. पेंटरची सगळी इस्टेट त्या कोपऱ्यात!

उस्ताद थकले, कायमचे गावी निघाले. जाताना म्हणाले, "दत्ता, हात तयार आहे तुझा. आता स्वतःचं नाव घाल. फक्त चार ओळखी कर."

ओळखी कर! अहो, मी इतका लाजाळू, की दुकानदार "काय पाहिजे?" म्हणाला की घाबरून साबणाची वडी विकत घ्यायचो. पाटीचं काम विचारायचं राहूनच जायचं. घरात साबणांची रास बघून आई म्हणाली, "दुकान घालतलंस काय रे?"

अशात परळच्या एका सभेत चंदूभाऊ भेटला. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे, सगळं गिरणगाव पेटलेलं. चंदूभाऊ अशी घोषणा ठोकायचा, की शेजारच्याचा कान बधिर व्हावा. हात गळ्यात बांधलेला. "पोलिसांची लाठी!" म्हणाला. आता मला सांगा, अशा माणसावर संशय घ्यायचा कसा? मुंबईसाठी ज्यानं हाड मोडून घेतलं, तो मुंबईतल्या गरीब पोराला फसवेल?

"पेंटर तू? वा रे पठ्ठ्या! दादरला दुकानांची आख्खी ओळ मराठी पाट्या मागतेय. सगळे दुकानदार आपल्या ओळखीचे. तू फक्त ब्रश चालव."

"घरी नमुने आहेत माझे. दाखवू?"

"नमुने कसले बघायचे? आपण माणूस बघतो!"

डोळे भरून आले हो माझे.

"फक्त एक कर," तो म्हणाला, "तुला कोण ओळखतो तिथं? कोपऱ्यात नाव माझं टाक. 'चंद्रकांत आर्ट्स, परळ.' तुझं पुढे बघू."

मला काही म्हणता काही खटकलं नाही. इतकी वर्षं उस्तादाचं नाव घातलं, आता याचं. हाताला सवयच तशी! उलट त्या 'चंद्रकांत'मधल्या 'द्र'ला मी असा झोकदार फाटा दिलाय, की अजून दिसला की माझा मलाच राग येतो.

एक दिवस दादरला शिडीवर होतो. मिठाईवाल्याची पाटी चालली होती. खाली काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ मान वर करून केव्हाचे उभे.

"हात कुणाचा रे हा? शिकलास कुणाकडे? एखादं जुनं काम दाखवशील?"

बघा आता! चंदूभाऊनं मला एक प्रश्न विचारला नव्हता, आणि हा अनोळखी म्हातारा वकिलासारखी उलटतपासणी घेतोय. मी मनात म्हटलं, दत्ता, सावध! लबाड माणूस तो हाच. चंदूभाऊची गिऱ्हाइकं फोडायला आलाय.

"कोपऱ्यात वाचा की. काम चंद्रकांतांचं आहे. मी नुसता रंग भरतो."

"आणि अक्षरांची आखणी?"

"तीही त्यांचीच."

"नक्की?"

"आईशप्पथ!"

"मग त्यांना निरोप दे. गिरगावात आमची नाटक मंडळी आहे. पडदे, पाट्या, बारा महिने काम. देसाई म्हणून विचारायला सांग."

नाटकाचे पडदे! त्यासाठी तर मी हातात ब्रश धरला होता. पण मनात म्हटलं, हीच ती आमिषं! मी काही बधलो नाही. संध्याकाळी चंदूभाऊला सगळं छाती फुगवून सांगितलं. त्यानं एका हातानं मला धरून जी मिठी मारली, तेवढी एकच खरी गोष्ट त्यानं माझ्याशी केली असेल.

पुढे काय होणार? दुकानदारांकडून सगळे पैसे आधीच उचलून चंदूभाऊ पसार! त्याच्या खोलीवर गेलो तर कुलूप. शेजारची खाणावळवाली बाई म्हणाली, "लाठी कसली? न्हाणीत पाय घसरून पडला मेला!"

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मेल्या, तुझा नाव आम्ही ठेवला ता कित्याक रे?"

ते इतकं झोंबलं, की तसाच उठून गिरगावात देसाईकाकांपुढे जाऊन उभा राहिलो.

"चंद्रकांत येऊन गेले," काका म्हणाले. "हात बरा झाला की रुजू होणार आहेत. जागा राखून ठेवलीय त्यांची."

"काका, ते नाही येणार! त्या पाट्या माझ्या आहेत. हवं तर आत्ता अक्षर काढून दाखवतो."

फळी मिळाली. जीव ओतून अक्षर काढलं. काकांनी चष्मा पुसून बघितलं.

"नक्कल छान करतोस."

"नक्कल नाही हो, माझंच आहे!"

"खाली नाव कुणाचं आहे?"

"त्यांचं. पण घातलं मीच ना!"

"आणि शिडीवरून आईची शपथ कुणी घेतली होती?"

मी ब्रश खाली ठेवला.

"तो बिचारा लाठी खाऊन पडलाय, आणि तू त्याच्या जागेवर टपलायस? तुझ्यासारखी माणसं मी लांबूनच ओळखतो." मग जरा विरघळले. "हात बरा आहे तुझा. ते आले की त्यांच्या हाताखाली रंग भरायला ये."

तेव्हापासून दर आठवड्याला गिरगावात चक्कर मारतो, आणि दारातूनच अगदी कळवळून विचारतो, "काका, चंद्रकांतांचा हात बरा झाला का हो?"