आईची आखडलेली बोटं
बीपीचा पट्टा सोडवतानाचा चर्र आवाज ऐकला की मला भनपुरीतला तो दवाखाना आठवतो. तिथे कारखान्यांची काळी धूळ घरात येते म्हणून आई वर्षानुवर्षं खिडक्या लावून घरातच बसायची. त्या दिवशी नर्सदीदीने तिच्या दंडावरचा पट्टा फुगवला आणि आईची बोटं आपोआप आखडून एकमेकांना चिकटली. मी उघडायला गेले, तर उघडेनात. “मले लकवा झाला काय वं?” आईने विचारलं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर कळलं, लकवा नव्हता. उन्हावाचून व्हिटॅमिन डी तळाला गेलं होतं आणि त्यामुळे कॅल्शियमही; म्हणूनच दंड आवळला जाताच बोटं आखडली होती. औषधांनी आणि गच्चीतल्या उन्हाने ती सावरली. आता शंकर नगरातल्या माझ्या फ्लॅटचे पडदेही दिवसभर ओढलेलेच असतात, ऊन माझ्याही अंगाला लागत नाही. माझ्या दंडावर पट्टा फुगतो तेव्हा मी आकडा बघत नाही, माझी बोटं बघते.