डोकं पुरणारा हिरो

वडील रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर होते. बेळगावला गेले की रद्दीच्या दुकानातून कॉमिक घेऊन यायचे. बहुतेकांचं मुखपृष्ठ फाटलेलं असायचं, पण माझ्या धाकट्या भावाला त्याचं काही नव्हतं. त्याला हिरोत रस नव्हता, त्याला पाताळाचा राजा हवा असायचा. हिरव्या तोंडाचा, मुळांचा मुकुट घातलेला हा खलनायक जमिनीखालच्या आंधळ्या लोकांवर राज्य करायचा आणि कधीच मरायचा नाही. दर अंकाच्या शेवटी हिरो त्याचं मुंडकं उडवायचा, ते खोल खड्ड्यात पुरायचा आणि हात झटकून निघून जायचा. पुढच्या अंकात राजा परत वर.

भाऊ पहिल्यांदा ते वाचून पोट धरून हसला होता. "अक्का, ह्यो हिरो येडा हाय काय गं? डोकं काढून परत मातीतच पुरतंय! उगवंल न्हाई तर काय हुईल?"

आमच्याकडे हे पोरांनाही कळतं. कोनफळ खणून काढलं की वरचं डोकं कापायचं, राखेत ठेवायचं आणि पावसाआधी त्याच आळ्यात परत लावायचं. खालचं खायचं, डोकं खायचं नाही. आमच्या परसातलं कोनफळ आजोबांच्याही आधीचं. वेल दरवर्षी वाळतो, फणसावरून खाली पडतो, आणि पुन्हा चढतो. भावानं त्या वेलाचं नाव राजा ठेवलं. कॉमिक लिहिणारा नक्की आपल्या जोयडा तालुक्यातलाच असणार, असं तो कित्येक वर्षं म्हणत होता.

त्यानं लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी अंगणवाडीत काम करते. माझं सगळं ठरलेलं असतं, त्याचं काहीच नसायचं, आणि त्यावरून तो मला चिडवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांवर सूज आली. पुढे दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा कॅसलरॉकहून गाडी धरून बेळगाव, तिथं डायलिसिस, संध्याकाळी परत. मी लागलीच व्यवस्था लावली. फाइल, स्वेटर, मोजून पाणी भरलेली बाटली, बिनमिठाची भाकरी, सगळं एका पिशवीत, आणि पिशवी दाराच्या खिळ्याला. अंगणवाडीत माझ्या जागी मदतनीस बसायची. व्यवस्था उत्तम चालली. माणूस मात्र दर खेपेला थोडा कमी होऊन परत यायचा.

यंदा उन्हाळा संपता संपता त्यानं जायचं नाकारलं. भिंतीकडे तोंड करून पडला. मी रागावले, समजावलं. मग तोच म्हणाला, "डोकं लावलीस काय?"

"लावायचं हाय."

"लाव बघू. मी बघतो. राजा वर आला तर येतो तुझ्या बेळगावला. पौषात खणायला मीच पायजे, तुला खणाय येत न्हाई. निम्मं कोनफळ कुदळीनं फोडतीस."

"तू खण की मग. मला काय हौस हाय?"

त्याच दिवशी लावलं. आळ्यात शेण घातलं, पाला घातला, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. खाट खिडकीला लावून दिली. आठवड्याच्या आत पाऊस लागला आणि वेल निघाला. भाऊ मुकाट्यानं पिशवीमागं चालत स्टेशनला येऊ लागला. गाडीत माणसं विचारायची, "कसं हाय आता?" तर म्हणायचा, "राजा फणसाच्या पहिल्या फांदीला लागलाय." त्यांना काही समजायचं नाही. मला समजायचं, आणि मी मनातल्या मनात पौषापर्यंतच्या खेपांचा हिशेब मांडायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार पुढचा हिशेब मांडू नका.

श्रावणात एका सकाळी परसात गेले तर काटे बाजूला फेकलेले, आळं उकरून पालथं केलेलं आणि वेल चिखलात. डोक्याचा एक तुकडासुद्धा उरला नव्हता. मी तिथंच उभी राहिले. खिडकीतून त्याचा आवाज आला, "काय झालं गं?"

खोटं सांगून उपयोग नव्हता, त्याला दिसतच होतं. "रानडुकरं," मी म्हटलं.

तो हसला. इतका हसला की धाप लागली. "आयला! एवढे अंक गेले, हिरोला जमलं न्हाई, आणि डुकरानं खाऊन मोकळं केलं!"

"शेजारच्या मावशीकडं हायत डोकी. मागून आणते, आज लावते."

"तो त्यांचा राजा, अक्का. आमचा गेला."

"गप. ऊठ, गाडीची वेळ झाली."

"पिशवी सोड," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "दमलो गं मी. तूबी दमलीस."

मी पिशवी धरून दारात उभी राहिले. घाटातून गाडीची शिट्टी ऐकू आली, मग गाडी स्टेशनात थांबल्याचा आवाज, मग निघाल्याचा. मी पिशवीतली भाकरी बाहेर काढली. बाटलीतलं पाणी तुळशीला घातलं. त्यानं जुनं कॉमिक मागितलं. चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि उशीखाली ठेवलं. नंतरच्या दिवसांत मी दोनदा पिशवी भरली. दोन्ही वेळा त्यानं फक्त नाही म्हणून मान हलवली.

गणपतीच्या आधी तो गेला.

पौषात शेजारची मावशी आपल्या परसातलं कोनफळ घेऊन आली. "खालचं खा, आणि डोकं ठेव राखंत," ती म्हणाली. "तुमचं आळं रिकामं बरं दिसत न्हाई, बाई."

मी "व्हय" म्हटलं. ती गेल्यावर कोनफळ धुतलं, सोललं आणि फोडी केल्या. आमच्याकडे डोकं कुणी शिजवत नाही. मी तेही चिरून त्याच पातेल्यात टाकलं. ते कडक निघालं, नीट शिजलं नाही, तरी खाल्लं.