ब्यूफर्ड थांबेना

लॉरेल गॅप या डोंगरी गावातल्या मोटारशर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवर व्हर्लन स्टेमीने बावीस वर्षं झेंडा फडकावला. आठवडाभर सूतगिरणीत राबणारा हा अबोल माणूस शनिवारी मचाणावर चढला, की सगळं खोरं त्याच्या हाताकडे डोळे लावून बसायचं. हिरवा झेंडा खाली आला की वीस गाड्या एकदम डरकाळी फोडायच्या. लाल धुरळा उकडलेल्या शेंगांच्या पुड्यांवर बसायचा, आणि लोक त्या तशाच खायचे. आसपासच्या गावांत ही शर्यतींची मालिका उन्हाळाभर चालायची. जिंकायचा बहुधा ब्यूफर्ड लॉज, आणि त्याच्या मागे शेपटासारखा चिकटलेला असायचा त्याचा धाकटा भाऊ डॉयल.

एका ऑगस्टमध्ये, अगदी शेवटच्या फेरीत, डॉयलची गाडी तिसऱ्या वळणावर कठडा तोडून ओढ्यात कोसळली आणि तो जागीच गेला. पुढे असलेल्या ब्यूफर्डला ते कळलंच नाही. त्याने शर्यत जिंकली, हसत हसत गाडीतून उतरला आणि भावाला शोधायला मागे वळला. त्यानंतर तो कधी शर्यतीत उतरला नाही. पुढे गिरणी बंद पडली, तिच्यामागून ट्रॅकही.

तीस वर्षांनी जुन्या मंडळींनी त्याच ट्रॅकवर मेळावा ठरवला. गवत कापलं, माती दाबली, कठडे रंगवले. झेंडा पुन्हा व्हर्लनच्याच हाती होता; ब्यूफर्डची मुलगी ऱ्होडा त्याच्याकडे आली.

"काका, बाबा हल्ली मलासुद्धा ओळखत नाहीत कधीकधी. पण त्यांच्या त्या जुन्या शर्यतीच्या गाडीत बसले की चेहरा उजळतो हो त्यांचा. दोनच फेऱ्या मारू देत ना."

"शेजारी कोणी बसेल?"

"त्या गाडीत दुसरी सीट कुठंय?"

व्हर्लनच्या मनात पाल चुकचुकली. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याने मान डोलावली.

मेळाव्याला तोबा गर्दी झाली. "व्हर्लन, मचाण पेलेल का रे तुला?" खालून कोणीतरी ओरडलं.

"तुझ्या बडबडीपेक्षा हलकाच आहे मी!" व्हर्लनने वरून सुनावलं. लोक हसले. त्याला मात्र हसू आलं नाही. डोंगरावरून ढग खाली उतरत होते आणि ओढ्याच्या बाजूचा नवा रंगवलेला कठडा नको इतका पांढरा दिसत होता.

ब्यूफर्डने गाडी मचाणाखाली आणली. पट्टे आवळले, वर पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "डॉयल आज फारच जवळून येतोय. लक्ष ठेव त्याच्यावर."

व्हर्लन झेंडा उचलता उचलता थांबला. तेवढ्यात ऱ्होडाने खालून हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि हिरवा झेंडा खाली आला.

पहिल्या दोन फेऱ्या डौलदार झाल्या. म्हातारे रडले. व्हर्लनने शेवटचा, चौकड्यांचा झेंडा हलवला. ब्यूफर्डने तिकडे पाहिलंही नाही. तिसरी फेरी त्याने जोरात मारली, चौथी त्याहून जोरात. लोक आधी ओरडले, मग उठून उभे राहिले. तिसऱ्या वळणावर दर वेळी तो मान वळवून मागे बघत होता, आणि दर वेळी गाडी कठड्याच्या आणखी जवळ सरकत होती.

"बाबा!" ऱ्होडा किंचाळली. तो आवाज इंजिनाखाली चिरडून गेला.

व्हर्लन शर्यत थांबवायचा लाल झेंडा घेऊन मचाणावरून उतरला आणि सरळ ट्रॅकच्या मधोमध उभा राहिला. धुरळ्यातून गाडी अंगावर आली, घसरली, आडवी फिरली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

ब्यूफर्ड घामाने निथळत होता. "लाल का दाखवलास? कोण पडलं?"

"कोणी नाही रे. शर्यत संपली. उतर."

"आणि डॉयल?"

व्हर्लनने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

त्याच आठवड्यात ऱ्होडाने गाडी विकली. व्हर्लन दर शनिवारी ब्यूफर्डजवळ ओसरीवर जाऊन बसू लागला. पानगळ सुरू झाली त्या सुमारास एकदा ब्यूफर्ड त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला.

"डॉयल, इतका चिकटून येत जाऊ नकोस रे. मला काही झालं तर तूही जाशील."

दारातली ऱ्होडा जागीच थिजली. व्हर्लनने तिच्याकडे एकवार पाहिलं.

"बरं, दादा," तो म्हणाला.

ब्यूफर्डचं समाधान झालेलं दिसलं. मग त्याने खुर्चीचे हात स्टिअरिंग धरावं तसे घट्ट पकडले आणि डोळे समोर रोखून, वळण घेताना कलतात तसा तो हळूहळू एका बाजूला कलू लागला.