वांग्याखालचा अंगठा

चाकणजवळच्या वाडीतल्या बाळाजींची रोहिणी पिंपरीच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. समोरासमोर बोलायला ती कुणाला हार जायची नाही. बसमध्ये जागेवरून भांडण निघालं, तर एकटी चारजणींना गप्प करायची. पण मेसेज लिहायचा म्हटलं की तिची सगळी हुशारी संपायची. दोन ओळी सात वेळा वाचायची, तीन वेळा पुसायची, आणि एकदा पाठवल्या की उत्तर दिसू नये म्हणून फोन थेट बाजरीच्या पिठाच्या डब्यात खुपसायची.

सोमवारी संध्याकाळी तिची आई तानाबाई भाकरीला पीठ घ्यायला गेली आणि ओरडलीच, "अगं पोरी, डबा थरथरतोय! उंदीर शिरला जनू!"

उंदीर नव्हता. विभागप्रमुख आम्रपाली मॅडमचा मेसेज होता : 'उद्या भेट.'

रोहिणीने फोन ओढणीला पुसला आणि मैत्रिणीला, पूनमला लावला.

"शेवटी टिंब दिलंय का?" पूनमने विचारलं.

"दिलंय."

"मग संपलं. मॅडम कधीच टिंब देत नाहीत."

तानाबाई चुलीपाशी ऐकत होती. "वाक्य संपलं की टिंब देत्यात. आमच्या शाळंत बी हेच शिकवलं हुतं," ती म्हणाली. पण रोहिणीला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला आत घेतलं आणि दार लोटलं.

"रविवारी मी विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या गच्चीतल्या वांग्यांचा फोटो टाकला," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बासष्ट जणांनी पाहिला. अंगठा फक्त तुझा. थोड्या वेळाने अंगठ्याच्या जागी जोडलेले हात. मग तेही गायब. दोन दिवस माझं कशात लक्ष नाही. काय चुकलं गं माझं?"

रोहिणीने खरं ते सांगून टाकलं. अंगठा दिला, पण मॅडमना अंगठा दाखवणं बरं दिसेना. म्हणून हात जोडले. तर त्या हातांमुळे वांगी वारल्यासारखी दिसायला लागली. शेवटी तिने सगळंच काढून टाकलं.

मॅडम टेबलाला धरून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे वांगी छान होती ना?"

"न्हाई मॅडम," रोहिणीच्या तोंडून निघून गेलं. "अळी लागलीय. शेंड्यांनी माना टाकल्यात, फोटोत दिसतंय की!"

"बासष्टांत एकीने तरी नीट पाहिलं!" मॅडम खूश झाल्या. "मग आता उपाय?"

रोहिणीने तिथूनच बाळाजींना फोन लावून मॅडमच्या हातात दिला. शेतात मोटर चालू होती, त्यामुळे बाळाजी इतके ओरडून बोलत होते की व्हरांड्यातला शिपाईही थांबून ऐकू लागला. सुकलेले शेंडे खुडा, लांब नेऊन जाळा, निंबोळीचा अर्क फवारा. पंधरा मिनिटं हेच चाललं.

"बाई, तुमी शिकवता काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सांख्यिकी. म्हणजे मोजमापाचं शास्त्र."

"मंग बरं झालं! रोज सकाळी अळ्या मोजत जावा!"

तेव्हापासून मॅडमना काही विचारायचं असलं की रोहिणी मेसेज करत नाही. दोन जिने चढून जाते आणि दार वाजवते.