खातूनचाचींचा वकील

वकिलाच्या कारकुनाकडे दोन गोष्टी साठतात, जुन्या फायली आणि किस्से. फायलींना कसर लागते, किश्शांना नाही! आमचे साहेब पेण-रोह्याचे वकील, पुढे आमदार झाले, मग राज्यमंत्री. मी आपला कारकूनच!

*

पहिल्या निवडणुकीत नागोठण्याच्या सभेत एका बाईंनी विचारलं, "पुराचं पाणी आता घरात येणार नाय ना?"

साहेब म्हणाले, "खात्री देत नाही. प्रयत्न करीन." अशिलांशी बोलायची सवय! कार्यकर्त्यांनी कपाळावर हात मारले.

बाई शेजारणीला म्हणाल्या, "ह्यालाच मत दे गो, हा खोटा बोलत नाय!"

*

साहेबांच्या सगळ्यात जुन्या अशील म्हणजे रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या खातूनचाची. नवरा गेल्यावर दिराने त्यांच्या राहत्या घरावर दावा लावला. अकरा वर्षं केस चालू. हरल्या तर सत्तरीत रस्त्यावर.

शपथविधीनंतर पेणच्या ऑफिसात गुच्छच गुच्छ. चाची तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या. "मंत्री झालास, बेस झाला. मंगळवारी आपली तारीख हाय."

मंत्र्याला वकिली करता येत नाही. भल्याभल्यांची उलटतपासणी घेणारा माणूस, पण हे सांगायला मला पुढे केलं!

चाचींनी ऐकून घेतलं आणि त्या थेट साहेबांकडे वळल्या. "मग सोड की मंत्रीपद!"

*

केस ज्युनिअर मृणालकडे गेली. मंत्रालयातून साहेबांचा रोज फोन. "घरपट्टीच्या पावत्या लावल्यास ना?"

शेवटी ती वैतागली. "सर, राज्य तुम्ही सांभाळा, चाचींना मी सांभाळते!" दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन, "पावत्या लावल्यात ना रे?"

*

निकालाच्या दिवशी साहेब रोह्यात हजर. गाडी पुलापलीकडे अष्टमीलाच ठेवली. "मी आत गेलो तर कोर्टावर दबाव येईल," म्हणाले आणि कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसले. मालक चहाला गेलेला. एका गिऱ्हाइकाने आधार कार्ड पुढे केलं, "दोन कॉप्या, दोन्ही बाजू." मंत्र्यांनी मुकाट काढून दिल्या!

नजर मात्र कोर्टाच्या दारावर होती.

तासाभराने मृणालची वाट न बघता चाची तडक रस्ता ओलांडून आल्या. साहेब कुठे बसलेत, ते मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. निकाल इंग्रजीत, त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं. मागे कोर्टाच्या पायरीवर मृणाल दोन्ही हात वर करून उड्या मारत होती.

"काय बोलला रे जज?" चाचींनी विचारलं.

साहेबांनी पायरीवरच्या मृणालकडे पाहिलं. चाचींच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली.

"चला चाची," म्हणाले, "तुमच्या घरी जाऊन चहा पिऊ."