मार्लीसच्या सहीची पत्रं

आयर्न फोर्क या खाणीच्या गावात मार्लीस टुओमेलाला आडनावाने ओळखणारी माणसं कमीच. 'कोटवाली मार्लीस' म्हटलं की पुरे. वेस्टरलुंडच्या कारखान्यात शिकारीचे कोट, पाठपिशव्या आणि बंदुकांच्या खोळी शिवल्या जात, आणि फाटून परत आलेलं सगळं तिच्या खोलीत येई. कोट एकदा घेतला की तुम्ही आहात तोवर तो दुरुस्त करून द्यायचा, हा कारखान्याचा शब्द होता. एकतीस वर्षं तो शब्द मार्लीसच्या दोन हातांनी पाळला होता.

काटेरी तारेत अडकून फाटलेल्या बाह्या, कुत्र्याने चावून काढलेले खिसे, शेकोटीच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं. मेण लावलेलं जाड कॅनव्हास ती दाभणाने असं शिवायची की जोड बोटाला लागायचा, डोळ्याला दिसायचा नाही. काम झालं की खिशात एक चिठ्ठी टाकायची: 'डावा खिसा नवा लावला. अस्तर अजून दहा वर्षं जाईल. उंदरांपासून जपा. मार्लीस.' कित्येकांनी या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. कारखान्याच्या मालकाचं नाव सांगता न येणारा माणूस मार्लीसची सही लांबून ओळखायचा.

कारखाना शिकागोच्या लोकांनी विकत घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्याकडे येणारं काम कमी झालं. आधी आठवड्याला आठ-दहा कोट यायचे, मग जेमतेम चार.

"लोक आता फाटलं की टाकून देतात गं," ग्वेन म्हणाली. ग्वेन ट्रेवार्था ऑफिसात टपाल बघायची. बावीस वर्षं दोघी एका टेबलावर जेवत आल्या होत्या. खिमा-बटाटा भरलेली पेस्टी ग्वेनची, कॉफी मार्लीसची. मार्लीसचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा पहिले पंधरा दिवस ग्वेन तिच्याच घरी राहिली होती.

"आपले लोक असे नाहीत," मार्लीस म्हणाली.

"तुझे लोक म्हातारे झाले, बाई. मरतायत एकेक."

मार्लीस हसली. तिला ते पटलंही. रिकामा वेळ नको म्हणून तिने जुनी बक्कलं घासून ठेवली, दोऱ्याच्या रिळांना मेण लावून ठेवलं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम चार दिवसांवर आला असताना आर्वो निसिनेन थेट तिच्या खोलीत शिरला. वय अठ्ठ्याहत्तर, कानावर टोपी, बुटांचा बर्फही झटकला नव्हता. अंगात नवाकोरा कोट होता, पण कापड इतकं पातळ की खांद्यांची हाडं दिसत होती.

"तोंडावर सांगायचं होतंस," तो म्हणाला. "घर माहीत नव्हतं माझं?"

"काय सांगायचं होतं?"

"माझ्या बायकोने, एल्माने, ज्याला आतून लोकर लावली होती तो कोट. पंचेचाळीस वर्षं वापरला मी. एक बाही उसवली म्हणून पाठवला, आणि तू लिहितेस, दुरुस्त होण्यासारखा नाही!"

"आर्वो, तुमचा कोट माझ्याकडे आलाच नाही."

त्याने खिशातून पत्र काढून टेबलावर आपटलं. 'मी स्वतः आपला कोट बारकाईने तपासला. दुःखाने कळवते की तो आता शिवता येणार नाही. त्याऐवजी नवा कोट भेट म्हणून पाठवत आहोत.' खाली तिची सही होती. एम अक्षराचा लांब पाय, शेवटच्या अक्षराखालची रेघ, सगळं हुबेहूब.

मार्लीसने पत्र दोनदा वाचलं. "ही सही माझी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हे मी लिहिलेलं नाही."

"एकाच कागदावर दोन्ही कसं असेल, पोरी?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता.

ती तशीच ऑफिसात गेली. पत्र बघताच ग्वेनचा चेहरा उतरला.

"मजकूर शिकागोहून आला," ग्वेन म्हणाली. "दुरुस्तीपेक्षा पातळ नवा कोट स्वस्त पडतो त्यांना. आणि खाली तुझंच नाव हवं होतं. लोक तुझं ऐकतात म्हणे."

"आणि सही?"

ग्वेनने टपालाची चळत सारखी केली.

"ग्वेन, सही कुठून आणलीस?"

"माझ्या वाढदिवसाला तू कार्ड दिलं होतंस ना... त्यावरून उतरवून घेतली. मला वाटलं, तुझी नोकरी तरी राहील. दोघींची राहील."

"किती पत्रं गेली?"

"एकशे बारा."

"आणि रोज माझ्यासमोर बसून खात होतीस!"

आर्वोचा कोट कुठे आहे, ते ग्वेनने सांगितलं.

मागच्या गोदामात कोट ढिगाने पडले होते. गळ्याशी असलेली कारखान्याच्या नावाची पट्टी काढलेली आणि पाठ वरपासून खालपर्यंत कात्रीने चिरलेली, म्हणजे पुन्हा कुणाला घालता येऊ नये. मार्लीस एकेक उचलून बघत गेली. जागोजागी तिचेच टाके होते. कापड चिरलं होतं, टाके तसेच घट्ट. आर्वोचा कोट तळाशी मिळाला. तो आणि हातात मावतील तेवढे तिने उचलले, दाराशी उभ्या मुकादमाला "अडवून बघ" म्हणाली, आणि पिकअपमध्ये टाकून घरी गेली. त्या कारखान्यात ती पुन्हा गेली नाही.

हंगामाच्या आदल्या दिवशी आर्वोला कोट मिळाला. पाठीवर मधोमध जाड जोड उठला होता. तो लपवता येण्यासारखा नव्हता, आणि मार्लीसने तसा प्रयत्नही केला नाही. म्हाताऱ्याने हात मागे नेऊन जोड चाचपला.

"टोचतो थोडा," तो म्हणाला, आणि जुना कोट चढवून, नवा तिथेच खुर्चीवर टाकून गेला.

मग मार्लीसने गावच्या साप्ताहिकात चार ओळी छापून आणल्या: ती पत्रं माझी नव्हेत, मी कुणाचाही कोट नाकारलेला नाही. काहीजण येऊन भेटले, तिने घरी आणलेल्या कोटांतून आपले शोधून घेऊन गेले. पण सगळे नाही. किराणा दुकानात एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "नोकरी सुटल्यावर बरं सुचलं तुला हे!" त्याला काय सांगणार? तिने दुधाची बाटली उचलली आणि बाहेर आली. दूरच्या गावांतल्या लोकांपर्यंत तर त्या चार ओळी पोचल्याच नाहीत. मार्लीसने आपला कोट टाकून दिला, असंच ते समजून राहिले. रस्त्यावर अनोळखी शिकारी दिसला की तिला वाटे, त्या एकशे बारांतला हा असेल का.

दोन वर्षांनी कारखान्याला कुलूप लागलं. ग्वेन ग्रीन बे शहरात मुलीकडे राहायला निघाली. जायच्या दिवशी सकाळी ती मार्लीसच्या दारात आली. मार्लीसने दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"काहीतरी बोल ना," ग्वेन म्हणाली. "शिव्या दे हवं तर."

"बोलले असते," मार्लीस म्हणाली. "पण माझं काय तू कुठे वापरशील, याची आता मला भीती वाटते."

ग्वेन गाडीकडे वळली. मार्लीसने दार लावलं, शिवणाच्या टेबलाशी जाऊन बसली. अर्धवट राहिलेली बाही समोर होती. त्या सकाळी तिने टाका घातला नाही.